आवाज कानापर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत कुठे अडतो?

जव्हार तालुक्यातल्या वावरसारख्या गावाहून एखादी आई सहा-सात वर्षांच्या मुलाला तपासणीला घेऊन येते, तेव्हा ती सहसा कानाची तक्रार सांगत नाही. ती म्हणते, "शाळेत लक्ष देत नाही असं गुरुजी सांगतात. पण ऐकू येतं त्याला. जवळ जाऊन बोललं की ऐकतो. मनात असलं तर वळतो." सोबत आलेली आजी सांगते, "कान फुटतो त्याचा अधूनमधून. पोरांचा फुटतोच. मोठा झाला की थांबेल."

आई आणि आजी जे पाहतात ते खरे असते, पण त्यावरून काढलेला अर्थ बहुतेक वेळा चुकीचा निघतो. मूल जवळचे ऐकते आणि लांबचे ऐकत नाही, हा हट्टीपणा नसून कमी ऐकू येण्याचे लक्षण असू शकते. आणि कान फुटणे हा वाढत्या वयाचा भाग नसून उपचार करण्याजोगा आजार आहे.

हे समजून घेण्यासाठी आवाज म्हणजे काय आणि तो मेंदूपर्यंत कोणत्या वाटेने जातो, एवढे माहीत असले तरी पुरते. ही वाट कुठे अडली आहे, त्यावर उपचार ठरतो.

थोडक्यात

- आवाज म्हणजे हवेतून पुढे सरकणारी थरथर. कान तिचे रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात करतो.
- बाहेरच्या किंवा मधल्या कानातला अडथळा बहुधा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दूर करता येतो.
- आतल्या कानातल्या पेशी मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. तिथे श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट लागते, आणि लहान मुलांत ते जितके लवकर मिळेल तितके चांगले.
- वाहणाऱ्या कानात तेल, पाल्याचा रस किंवा दूध घालू नका.

आवाज म्हणजे काय?

तारपा वाजताना पाहा. वाजवणारा भोपळ्यात हवा फुंकतो. ती हवा बांबूच्या नळ्यांमध्ये बसवलेल्या पातळ जिभळ्यांना थरथरवते. जिभळी पुढे गेली की समोरची हवा दाबली जाते, मागे आली की विरळ होते. हा दाब-विरळपणा शेजारच्या हवेला ढकलतो, ती तिच्या शेजारच्या हवेला, आणि अशी लाट पुढे जाते. हवा स्वतः तारप्यापासून तुमच्या कानापर्यंत प्रवास करत नाही. ती जागच्या जागी हलते, पुढे जाते ती फक्त थरथर. जव्हारजवळच्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे जाणते तारपावादक नळीच्या भोकांवर बोटे फिरवून सूर बदलतात, म्हणजे नळीत थरथरणाऱ्या हवेची लांबी ते कमी-जास्त करत असतात.

ही लाट हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाते. म्हणूनच दरीपलीकडच्या पाड्यावर कुणी लाकूड फोडत असेल, तर कुऱ्हाड पडताना आधी दिसते आणि ठोका नंतर ऐकू येतो. पावसाळ्यात वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज सुमारे एक किलोमीटरवर पडली असे समजावे.

आवाजाच्या दोन गोष्टी डॉक्टर मोजतात.

*उंची, म्हणजे जाड की बारीक.* एका सेकंदात किती वेळा थरथर होते त्यावर ती ठरते. तिचे माप हर्ट्झ. निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. ढोलाचा आवाज खालच्या पट्टीत येतो, रातकिड्याचा बराच वर. बोलण्यातही असेच असते. 'आ', 'ओ', 'ऊ' हे स्वर जाड आणि जोरकस असतात. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजने बारीक आणि हलकी असतात.

*जोर, म्हणजे मोठा की हळू.* त्याचे माप डेसिबल. हे माप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट. कुजबुज सुमारे ३० डेसिबल असते आणि नेहमीचे बोलणे सुमारे ६०. लग्नात-मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ आवाज १०० च्या वर जातो.

अंतराचाही हिशेब आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. गुरुजींचा आवाज एक मीटरवर ६० डेसिबल असेल, तर चार मीटरवर तो ४८ च्या आसपास राहील. बंद वर्गात भिंतींमुळे तो थोडा टिकतो, पण पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर तेवढाही पुरत नाही. निरोगी कानाचे मूल तरीही निभावून नेते. ज्याला ३०-३५ डेसिबलची कमतरता आहे, त्याच्यापर्यंत वाक्यातले अर्धेच शब्द पोहोचतात. आईने जवळ जाऊन बोलले की ऐकतो आणि वर्गात मागे बसून ऐकत नाही, यामागचे कारण हे आहे.

कान काय करतो?

*बाहेरचा कान* आवाज गोळा करतो. साधारण अडीच सेंटीमीटर लांबीच्या नळीतून तो पडद्यापर्यंत जातो. ढोलाच्या कातड्यासारखा ताणलेला हा पातळ पडदा लाटेबरोबर थरथरतो.

*मधला कान* म्हणजे पडद्यामागची हवेने भरलेली छोटी पोकळी. तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे साखळीने जोडलेली असतात. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातले सर्वांत लहान हाड. ही साखळी कशासाठी हवी? आतला कान पाण्यासारख्या द्रवाने भरलेला असतो, आणि हवेतला आवाज पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो. नदीत डुबकी मारल्यावर काठावरचे बोलणे ऐकू येत नाही, ते यामुळेच. मोठ्या पडद्यावरचा जोर ही साखळी रिकिबीच्या छोट्या तळव्यावर एकवटते. त्यामुळे दाब सुमारे वीसपट होतो आणि आवाज द्रवात शिरू शकतो.

मधल्या कानातून एक बारीक नळी नाकामागे घशात उघडते. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा ठेवणे हे तिचे काम. घाट चढताना कान दडे बसतात आणि गिळले की सुटतात, तेव्हा हीच नळी उघडलेली असते.

*आतला कान* गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यातल्या लांब पडदीवर बारीक सूर सुरुवातीच्या टोकाशी आणि जाड सूर आतल्या टोकाशी थरथर निर्माण करतात. हे उलगडून दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पडदीवर प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. थरथरीने त्यांचे सूक्ष्म केस वाकतात, विजेसारखा संदेश तयार होतो आणि नसेतून मेंदूकडे जातो. माणसात या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच असतात. गेल्या की नव्या येत नाहीत.

शेवटचे काम *मेंदूचे*. आलेल्या संदेशातून शब्द ओळखायला तो पहिल्या काही वर्षांत शिकतो. त्या काळात आवाज पोहोचलाच नाही, तर पुढे बोलणे शिकणे फार अवघड होते.

अडथळा कुठे आहे? घरी करून पाहण्याचा प्रयोग

एक कान बोटाने हलकेच बंद करा. तोंड मिटून 'म्‌ऽऽऽ' असा सूर काढा. सूर बंद केलेल्या कानात मोठा वाटेल.

असे होते कारण तुमचा स्वतःचा सूर कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात पोहोचतो. म्हणजे आवाजाला दोन वाटा आहेत: एक पडदा आणि हाडांच्या साखळीतून, दुसरी कवटीच्या हाडातून. बाहेरची वाट बंद असली तरी हाडाची वाट चालू राहते.

डॉक्टर कंपन करणारा धातूचा चिमटा आधी कानासमोर धरतात, मग कानामागच्या हाडावर आणि कपाळावर टेकवतात, ते याच तत्त्वावर. कानासमोरच्यापेक्षा हाडावर मोठे ऐकू आले, तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त. याला वीज लागत नाही, दोन मिनिटे पुरतात, आणि उत्तर देण्याइतक्या मोठ्या मुलात प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे करता येते. नेमकी मात्रा मात्र ऑडिओमेट्री या चाचणीत कळते.

- वाट अडल्यामुळे येणारा बहिरेपणा: मळ घट्ट बसणे, पडद्याला भोक पडणे, मधल्या कानात पू किंवा पाणी साचणे, हाडांची साखळी तुटणे किंवा घट्ट होणे. यात ६० डेसिबलपर्यंत कमतरता येऊ शकते. बहुतेकदा उपचार होतो.
- आतल्या कानाचा किंवा नसेचा बहिरेपणा: जन्मजात दोष, मोठा आवाज, वय, काही आजार आणि काही औषधे. गेलेली शक्ती सहसा परत येत नाही, पण यंत्राने ऐकणे सुधारते.
- मिश्र: दोन्ही एकत्र. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानात असे होऊ शकते.

कान फुटतो म्हणजे काय होते?

लहान मुलांची घशाकडची नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी-खोकल्याचे जंतू तिच्यातून सहज मधल्या कानात चढतात. तिथे पू साचतो, कान ठणकतो, मूल रात्रभर रडते. दाब वाढून पडदा फाटतो, पू बाहेर येतो आणि दुखणे एकदम थांबते. इथेच घरच्यांना वाटते की आजार गेला. प्रत्यक्षात भोक पडलेले असते. पुष्कळदा ते आपोआप भरते. भरले नाही, तर प्रत्येक सर्दीत आणि प्रत्येक आंघोळीत कान पुन्हा वाहतो. दोन आठवड्यांहून जास्त वाहणारा कान जुनाट समजावा.

ज्या मुलाचे वजन कमी आहे, त्याचे शरीर संसर्गाशी नीट लढू शकत नाही. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी ही नावे बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रभर गेली, तेव्हापासून इथे मुलांच्या वजनाकडे लक्ष दिले जाते. त्या वजनाचा संबंध कानाशीही आहे, हे मात्र कमी बोलले जाते. चुलीचा कोंडलेला धूर, घरातली विडी, एका खोलीत अनेक जण झोपणे आणि आडवे ठेवून बाटलीने दूध पाजणे, यांमुळे धोका वाढतो. अंगावरचे दूध आणि वेळेवर घेतलेल्या लसी तो कमी करतात.

काय करावे

- स्वच्छ सुती कापडाची मऊ वात करून कानाच्या तोंडाशी ठेवा. ओली झाली की काढून नवी लावा. कान कोरडा होईपर्यंत असे दिवसातून तीन-चार वेळा करा. वात खोल ढकलू नका.
- आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा, आणि नंतर काढून टाका.
- डॉक्टरांनी दिलेले थेंब पू पुसून मगच घाला, आणि सांगितलेले सगळे दिवस घाला.

काय करू नये

- गरम तेल, लसणाचे तेल, पाल्याचा रस, आईचे दूध कानात घालू नये. भोक असेल तर ते थेट मधल्या कानात जाते.
- काडी, पिन, किल्ली घालून कान कोरू नये.
- जुन्या बाटलीतले किंवा शेजाऱ्याच्या मुलाचे थेंब वापरू नयेत. पडद्याला भोक असताना काही थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात.
- कान पूर्ण बरा होईपर्यंत नदी, ओहोळ, डोहात डुबकी मारू नये.

कान कोरडा राहिला आणि तरीही भोक भरले नाही, तर शस्त्रक्रियेने नवा पडदा बसवता येतो. त्यासाठी कानावरच्या स्नायूचे आवरण वापरले जाते. त्याने कान वाहणे थांबते आणि बऱ्याच जणांचे ऐकणेही सुधारते.

ताबडतोब रुग्णालयात न्या, जर कान वाहत असताना कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, ताप आणि उलट्या सुरू झाल्या, जोरात डोके दुखले, चक्कर आली, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा मूल गुंगीत गेले. संसर्ग हाडात किंवा मेंदूपर्यंत पसरत असल्याची ही लक्षणे आहेत. १०८ वर फोन करा.

बाळाला ऐकू येते का, हे कसे ओळखावे?

- पहिल्या महिन्यांत मोठ्या आवाजाने बाळ दचकते किंवा डोळे मिटते.
- सहा महिन्यांपर्यंत आवाजाच्या दिशेला मान वळवते.
- वर्षाचे होईपर्यंत नावाला प्रतिसाद देते, एखादा शब्द बोलते.
- दोन वर्षांचे होईपर्यंत दोन शब्द जोडते, जसे 'आई ये', 'पाणी दे'.

यातले काही होत नसेल तर वाट पाहू नका. "बाप उशिरा बोलला, हाही बोलेल" या भरवशावर गेलेले वर्ष परत मिळत नाही. घरी ताट वाजवून पाहिले आणि बाळ वळले, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ते जमिनीच्या हादऱ्याने किंवा तुमची सावली पाहूनही वळते.

जन्मतः न रडलेले, कमी वजनाचे, जास्त कावीळ झालेले किंवा मेंदूज्वर होऊन गेलेले बाळ, तसेच घरात आधीच कुणी बहिरे असलेले बाळ, यांची तपासणी नक्की करावी. गरोदरपणी आईला रुबेला झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. बाळाला गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत द्यावी.

तपासणी दुखत नाही. ओएई चाचणीत कानात छोटे बोंडूक ठेवतात. निरोगी केसपेशी आवाजाला उत्तर म्हणून स्वतःच अतिशय हलका आवाज परत पाठवतात, तो यंत्र टिपते. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हा शोध जगापुढे मांडला. बेरा चाचणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत जातो का ते पाहतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे डॉक्टरांचे उद्दिष्ट असते. उशीर झाला असेल तरीही आज जाणे हे पुढच्या वर्षी जाण्यापेक्षा चांगलेच.

मोठ्या माणसांनी काय पाहावे?

आजोबा म्हणतात, "ऐकू येतं, पण समजत नाही." वय झाले की आधी बारीक सूर ऐकणाऱ्या पेशी जातात. स्वर ऐकू येतात, व्यंजने गळतात. म्हणून ओरडून उपयोग नाही. समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, सावकाश बोला.

खडी क्रशर, लाकूड कापण्याचे यंत्र, डीजे यांचा आवाज याच पेशी मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतो, १०० डेसिबल मात्र सुमारे २० मिनिटेच. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कानाला मार बसला असे समजा. लहान मुलांना स्पीकरच्या भिंतीपासून लांब ठेवा.

क्षयरोगाची आणि जंतुसंसर्गाची काही इंजेक्शने, जसे अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कानाला अपाय करू शकतात. ती स्वतःहून बंद करू नका. कानात आवाज येऊ लागला किंवा तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आणि एखाद-दोन दिवसांत एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. पहिल्या काही दिवसांतच औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

कुठे जायचे?

आधी गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. हा कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच. कान वाहणे आणि जन्मजात बहिरेपणा हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पथक आले की मुलाचा कान स्वतःहून दाखवा. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, आणि तिथून गरजेप्रमाणे कान-नाक-घसा तज्ज्ञ. वांद्रे इथली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या तपासण्या आणि प्रशिक्षण देते. पात्र कुटुंबांना एडीआयपी योजनेतून श्रवणयंत्र मिळते, आणि लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटचीही तरतूद आहे.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कामाला बाहेर जाणार असाल, तर निघण्यापूर्वी कान दाखवा. औषधाची चिठ्ठी आणि लसीचे कार्ड सोबत ठेवा. उपचार अर्धवट सुटतात ते बहुतेकदा याच काळात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कानातला मळ काढावा का?* गरज नाही. तो कानाचे रक्षण करतो आणि आपोआप बाहेर येतो. घट्ट बसून ऐकू येईनासे झाले तर डॉक्टरांकडून काढून घ्या.

*यंत्र लावले की कान अजून कमजोर होतो का?* नाही. मोजून बसवलेले यंत्र कान खराब करत नाही. उलट आवाज न मिळाल्याने मेंदूची शब्द ओळखण्याची सवय जाते. सुरुवातीला गोंगाट वाटतो, रोज थोडा वेळ वाढवत गेले की सवय होते.

*प्रमाणपत्र कधी मिळते?* २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल कमतरता असेल तर 'ऐकण्यास कमी' आणि ७० किंवा त्याहून जास्त असेल तर 'बहिरे' असे धरतात.

*मुलाचा कान वाहतो, पण दुखत नाही. थांबू का?* थांबू नका. जुनाट कान सहसा दुखतच नाही, आणि ऐकणे मात्र हळूहळू कमी होत राहते.

शाळेतल्या गुरुजींनाही एक विनंती आहे. मूल लक्ष देत नाही असे वाटले, तर रागावण्याआधी त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि आठवडाभर पाहा. तिथे ते उत्तरे देऊ लागले, तर पालकांना बोलावून त्याचा कान तपासून घ्यायला सांगा.